रंग येईना म्हणून पत्ती वाढवू नका

ताई, स. न. वि. वि.

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या वन्सं दार्जिलिंगला जाऊन आल्या. तिथल्या एका मळ्याच्या दुकानातून त्यांनी माझ्यासाठी १०० ग्रॅमचं पाकीट आणलं. त्यावर 'फर्स्ट फ्लश' असं लिहिलंय. 'भारी चहा आहे, जपून वापर' म्हणाल्या. मी आपला नेहमीसारखा केला. आधण ठेवलं, साखर, आलं, दोन चमचे पत्ती. रंगच येईना! म्हणून अजून दोन चमचे घातले, दहा मिनिटं उकळला, मग दूध ओतलं. झालं ते असं, की फुळकवणी पण आणि कडू पण. पाहुणे कसेबसे प्यायले. सासूबाई म्हणाल्या, 'नुसतं गवत आहे, गुलाबाला घाल.' बाकीचं पाकीट तसंच पडलंय, किंमत आठवली की टाकवत नाही. असा पानांचा चहा घरी करायला शिकायचा आहे. त्यासाठी काचेची किटली, थर्मामीटर असलं काही घ्यावं लागतं का? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, कोऱ्या चहावर तवंग येतो. आणि घरात दुधाचा चहा कोणी सोडणार नाही, हे आधीच सांगते. कोरा चहा तब्येतीला चांगला म्हणतात, ते खरं का?

– एक वाचक, लातूर

नमस्कार,

गुलाबाला एवढ्यात घालू नका.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं, 'रंगच येईना'. सगळी गडबड तिथे झालीय. आपल्या घरांत चहा डोळ्यांनी करतात. पातेल्यात डोकवायचं, फिका वाटला तर अजून चिमूटभर पत्ती टाकायची, दूध घातल्यावर विटकरी रंग चढला की गॅस बंद. मलाही आईने असाच शिकवला. त्यात काही चूक नाही, फक्त ती रीत दुसऱ्या चहाची आहे.

तुमच्या रोजच्या डब्यातली चहा पावडर तळहातावर घेऊन बघा. बाजरीएवढे, काळपट, गोलसर दाणे दिसतील. चहाचा पाला दातेरी रुळांमधून काढून चिरडतात, फाडतात आणि त्याचे दाणे वळतात. याला सीटीसी म्हणतात. ही पद्धत १९३०च्या सुमारास आसामात निघाली आणि आज आपल्या देशात होणारा बहुतेक चहा असाच होतो. पान इतकं फाटलेलं असतं की पाण्यात पडलं रे पडलं की रंग सुटतो. कडकपणाही भरपूर, त्यामुळे दूध, साखर, आलं, वेलदोडा या सगळ्यांना तो पुरून उरतो. दुधातली प्रथिनं त्याचा तुरटपणा धरून ठेवतात, म्हणून खळखळ उकळूनही तो घशाखाली उतरतो.

आता वन्संनी आणलेली पत्ती तशीच तळहातावर घ्या. लांबट, हलकी, पीळ घातलेली पानं, रंग हिरवट-करडा, मधूनमधून रुपेरी कळ्या. हिवाळा संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये झुडपांना जी पहिली पालवी फुटते, तिची ही खुडणी, म्हणजेच पाकिटावरचं 'फर्स्ट फ्लश'. चहाचा लालसर रंग येतो तो पान चुरगळल्यावर त्याचा रस हवेला लागून. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, साधारण तसंच. पहिल्या खुडणीच्या पत्तीत हे फारसं होऊ देत नाहीत, आधीच पाला चांगला सुकवून घेतात. जो रंग पानात धरलाच नाही, तो दहा मिनिटं उकळून कुठून येणार? त्याऐवजी कडवटपणा सुटला. आणि उकळताना स्वयंपाकघरात जो छान वास पसरला असेल ना, तोच वन्संनी पैसे मोजून आणलेला ऐवज होता. तो कपात राहिलाच नाही.

एक खरं सांगू का? शिकायला म्हणून मी स्वतः या पत्तीपासून सुरुवात केली नसती. ही नाजूक असते, थोडं चुकलं तरी लगेच तोंड फिरवते. निलगिरीची किंवा आसामची लांब पानांची पत्ती जास्त सोशिक. पण आपल्याकडे पोरांना पोहायला शिकवायचं तर थेट विहिरीत ढकलतात. तसं समजा.

सामानाचं आधी संपवते, कारण त्यात पैसे जाण्याची भीती असते. काही विकत आणू नका. एक स्टीलचं झाकणाचं पातेलं, एक गाळणी, दोन कप आणि घड्याळ एवढं पुरे. फक्त पातेलं आणि गाळणी रोजच्या चहाची नको. आल्या-दुधाच्या पातेल्याला कितीही घासा, वास राहतोच, आणि प्लॅस्टिकच्या गाळणीला तर जन्मभर. काचेची किटली दिसायला सुंदर असते, हौस असेल तर पुढे घ्या. साखळीला लटकणारा जाळीचा गोळा मात्र भेट म्हणून मिळाला तरी कपाटात ठेवा. मी सुरुवातीला तोच आणला होता. त्यात पत्ती कोंबली की ती भिजून फुलायला जागाच उरत नाही. बाहेरची पानं कडू होतात आणि आतली कोरडी राहतात.

प्रमाण. घरातल्या कपात पाणी ओतून ते एकदा मोजून घ्या, आपले चहाचे कप बहुधा दीडशे मिलिलिटरच्या आसपास असतात. तेवढ्याला २ ग्रॅम पत्ती. वजनकाटा असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर लक्षात घ्या, ही पत्ती फुललेली असते, म्हणून सीटीसीच्या सवयीने सपाट चमचा घेतलात तर कमी पडेल. शिगोशीग एक चमचा घ्या. २ ग्रॅमच्या हिशोबाने १०० ग्रॅमच्या पाकिटात ५० कप निघतात. शिवाय तीच पत्ती दुसऱ्यांदा भिजवता येते. पाकिटाची किंमत ५०ने भागून तो आकडा एकदा सासूबाईंना ऐकवा. बाहेर हॉटेलात कटिंगला काय देतो, ते त्यांना माहीत असेलच.

पाणी किती गरम हवं, यासाठी थर्मामीटर लागत नाही. हिरव्या चहाला ७५-८० अंश, तुमच्या पत्तीला ९०च्या आसपास, आणि आसामसारख्या पूर्ण लाल चहाला खळखळतं आधण, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल. एक गंमत आहे. दार्जिलिंग गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटर उंच आहे आणि तेवढ्या उंचीवर पाण्याला ९३ अंशांच्या आसपासच उकळी फुटते. म्हणजे तिथला माणूस उकळतं पाणी ओततो तरी ते आपल्याइतकं तापलेलं नसतं. तुमच्याकडे लातूरला ते ९८पर्यंत जातं. म्हणून उकळी आली की गॅस बंद करा, झाकण काढा आणि दोन मिनिटं थांबा. तेवढा धीर नसेल तर पाणी एका गार भांड्यातून दुसऱ्यात ओता, तेवढ्यानंही चांगलंच उतरतं. मग पत्ती घाला आणि झाकण ठेवा. आता गॅसकडे बघायचंसुद्धा नाही.

यापुढचं मात्र एकदा, फक्त एकदाच, मी सांगते तसं करा. दुपारी घर शांत असताना. दोन कपांचं पाणी आणि दोन शिगोशीग चमचे पत्ती घेऊन बसा. साखर नाही. एक मिनिट झालं की चमचाभर काढून चाखा. मग दुसऱ्या मिनिटाला, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या. पहिल्या मिनिटाला वाटेल, गरम पाण्याला कुणीतरी फुलं दाखवलीत. दुसऱ्याला चव जिभेवर टेकते. तिसऱ्याच्या आसपास ओल्या हरभऱ्याच्या घाट्यासारखा हिरवा, कोवळा वास येतो आणि गिळल्यावर घशात किंचित गोडी राहते. चौथ्याला गालांच्या आतून तुरटपणा जाणवू लागतो. पाचव्याला जीभ कोरडी पडते, सुपारी चघळल्यासारखी. यातलं तुम्हाला जे मिनिट आवडेल ते तुमचं. कुणाचं अडीच असतं, कुणाचं साडेतीन. पाकिटावर छापलेलं मिनिट तुमच्या कपाला आणि तुमच्या जिभेला लागू पडेलच असं नाही.

या सगळ्यात रंग बघू नका. तो फिकट सोनेरीच राहणार, जेमतेम लिंबाच्या सरबताएवढा गडद. मन घाबरेल, हात पाकिटाकडे जाईल. जाऊ देऊ नका! चव हलकी वाटली तर पुढच्या खेपेला पत्ती थोडी वाढवा. आहे तीच जास्त वेळ ठेवली की चव वाढत नाही, तुरटपणा वाढतो. आणि तुमचं मिनिट आलं की सगळाच्या सगळा चहा गाळून घ्या. अर्धा कपात आणि अर्धा पत्तीत तसाच, असं केलंत तर दुसरा कप पुन्हा कडू.

गाळून झाल्यावर गाळणीतलं एक पान बोटांनी उलगडून बघा. कोरडं असताना काडीसारखं होतं, आता दाट हिरवं, कडेला दाते असलेलं अख्खं पान झालेलं असतं. नशीब असेल तर देठाला दोन पानं आणि मध्ये कळी, तिन्ही शाबूत मिळतात. घरात लहान मूल असेल तर त्याला नक्की दाखवा. आपण पितो ते झाडाचं पान असतं, हे आपल्यालाही दाण्यांच्या नादात विसरायला झालंय.

बोअरच्या पाण्याचं. लातूरकरांना पाण्यावर मी काय सांगणार, २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं तुम्ही पाहिलंय. पण जड पाणी आणि कोरा चहा यांचं जुनं वैर आहे. पाण्यातला चुना चहातल्या घटकांशी मिळून वर ती तेलकट दिसणारी साय धरतो. तेल वगैरे काही नसतं ते, आणि अपायही नाही; पण चव मात्र मारली जाते, रंग मळकट होतो. दुधाच्या चहात हे झाकून जातं. घरात आरओ असेल तर ते पाणी वापरा. कधी कधी आरओचं पाणी इतकं हलकं होतं की चहा सपक लागतो, तेव्हा त्यात पाव भाग नेहमीचं पाणी मिसळून बघा. आरओ नसेल तर आधी पाणी उकळून निवू द्या, भांड्याला पांढरा थर धरेल, वरचं निवळ पाणी अलगद काढून घ्या आणि तेच पुन्हा तापवा. पूर्ण इलाज नव्हे, पण फरक पडतो. लिंबू पिळलं की तवंग जातो खरा, पण या पत्तीत लिंबू म्हणजे बासरीच्या मैफलीत ताशा. आसाम-निलगिरीच्या चहात खुशाल पिळा.

पत्ती ठेवायची कुठे, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मी सांगणारच, कारण इथे मी चांगलीच पोळले आहे. माझी पहिली चांगली पत्ती मी मसाल्याच्या कप्प्यात, नीट झाकणाच्या डब्यात ठेवली होती. शेजारी हिंगाची डबी. पंधरा दिवसांनी चहा केला तर कपातून फोडणीचा वास! चहा आजूबाजूचा वास पिऊन घेतो. गॅसजवळ नको, फ्रिजमध्ये नको, उन्हात काचेच्या बरणीत तर नकोच. पाकीट नीट दुमडून लहानशा स्टीलच्या डब्यात घाला, डबा असा घ्या की आत रिकामी जागा कमी राहील. वर्षभरात संपवा. 'जपून वापर' हे वन्संचं म्हणणं ठीक आहे, पण दिवाळीच्या चांदीच्या ताटासारखी ही जपायची नाही. पहिल्या खुडणीचं सगळं अप्रूप ताजेपणाचं असतं.

दुधाच्या चहाबद्दल माझं मत विचाराल, तर कुणाचाही सोडवू नका. मी स्वतः सकाळी सहाला आल्याचा, दुधाचाच पिते, आणि त्याच्याआधी कुणाशी बोलत नाही. आपल्याकडे कोऱ्या चहाची पत तशी कमीच आहे. दूध नासलं, पोट बिघडलं किंवा महिनाअखेर आली की करायचा तो. अशा घरात तुम्ही 'आजपासून आपण हा चहा प्यायचा' म्हणालात तर बंड होईल. दोन्ही वेगळी पेयं समजा, सकाळचा घराचा, दुपारचा तुमचा. सासऱ्यांना किंवा यजमानांना पानांच्या चहाची चव दाखवायचीच असेल तर पुढच्या खेपेला आसामची लांब पानांची, मे-जूनच्या खुडणीची पत्ती मागवा. तिला माल्टसारखी दाट चव असते. उकळत्या पाण्यात चार मिनिटं झाकून ठेवायची, गाळायची आणि वरून चमचा-दोन चमचे गरम दूध. ती दूध झेलते.

खरेदी करताना पाकिटावर एफटीजीएफओपी अशी आगगाडीसारखी अक्षरं दिसतील. ती पानाचा आकार आणि कळ्यांचं प्रमाण सांगतात, चव सांगत नाहीत. त्यापेक्षा खुडणीचं वर्ष आणि हंगाम छापलाय का ते बघा. दार्जिलिंग म्हणून घेत असाल तर हातात चहाची पानं धरलेल्या बाईचं चिन्ह शोधा. २००४ साली भौगोलिक मानांकन मिळालेली देशातली पहिली गोष्ट हीच, आणि तेव्हापासून त्या नावाला कायद्याचं कुंपण आहे. तरी दुसरीकडचा चहा त्या नावाने खपवणारे आहेतच. पहिल्यांदा ५० ग्रॅमच्या वर काही घेऊ नका. नावडती पत्ती पाव किलो उरली की काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

तब्येतीचं थोडक्यात. कोऱ्या चहाने वजन उतरतं, अमुक रोग बरा होतो, असलं काही मी लिहिणार नाही. एक फायदा साधा आहे. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे साखर, तर ती झाली आठ चमचे. यातला एखाद-दुसरा कप बिनसाखरेचा झाला तरी तेवढी पोटात जात नाही. पण जेवताना किंवा जेवून उठल्या उठल्या चहा नको, कोरा असो की दुधाचा. भाजी-डाळीतलं लोह त्याने अंगी नीट लागत नाही. आपल्याकडे कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं, त्यांनी तर तासाभराचं अंतर ठेवावंच, आणि लोहाची गोळी चहाबरोबर मुळीच घेऊ नये. फिका दिसतो म्हणून यात कॅफिन नसेल असं समजू नका. रात्री नऊला प्यायलात तर छताकडे बघत पडाल. रिकाम्या पोटीही काहींना मळमळतं, म्हणून दुपारचीच वेळ बरी.

उन्हाळ्यासाठी एक सोपी युक्ती. लिटरभर गार पाण्यात ८-१० ग्रॅम पत्ती घालून, बाटलीला झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गाळा. यात चुकायला जागाच नाही, तुरटपणा फार उतरत नाही आणि चव गोडसर येते. तुमचं ते पाहुण्यांचं प्रकरण झालं ना, ते पुन्हा आले तर माठातलं पाणी द्यावं तसा हा चहा पुढे करा आणि आधी काय आहे ते सांगू नका.

राहिला गुलाब. रोजच्या चहाचा चोथा दुधा-साखरेचा असतो, धुवून घातला नाही तर कुंडीला मुंग्या लागतात. या पत्तीचं तसं नाही. दोनदा चहा करून झाला की गाळणी थेट कुंडीत झटका, मातीत थोडी मिसळा. सासूबाईंचा शब्दही राहील.